कंटेनर तोच, मग नेपाळमधून खर्च दुप्पट का?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय.

आज सुरुवात एका चुकीपासून, आणि चूक माझीच आहे. मागच्या वेळी मी दोन आकडे सांगितले होते. जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस २०१४' अहवालाप्रमाणे एक कंटेनर निर्यात करायला भारतातून साधारण १,२०० डॉलर लागायचे आणि नेपाळमधून साधारण २,३००. आणि पुढे बोलून गेले, "म्हणजे तिथला कारभार दुप्पट ढिसाळ!"

माझ्या टीममध्ये काठमांडूचा एक मुलगा आहे. पुण्यात राहून मराठी चांगलं कळतं त्याला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने एवढंच विचारलं, "खर्च कुठून कुठपर्यंतचा मोजलाय, ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. रोज डेटाबेसवर काम करणारी मी, कॉलमचं नाव वाचून थांबले होते.

मग बसून वाचलं.

आकड्यात काय धरलंय?

सगळ्या देशांसाठी एकच कंटेनर कल्पलेला: २० फुटी, आत १० टन माल, किंमत २०,००० डॉलर. खर्चात कागदपत्रं, कस्टम, बंदरातली हाताळणी, आणि देशातल्या सर्वात मोठ्या व्यापारी शहरापासून बंदरापर्यंतची वाहतूक. जहाजाचं भाडं आणि जकात यात नाही.

आता गंमत बघा. भारताचं शहर मुंबई, आणि बंदर खाडीपलीकडे, उरणजवळचं न्हावा शेवा. नेपाळचं शहर काठमांडू, पण बंदर? नेपाळला समुद्रच नाही. त्याचं बंदर कोलकाता, म्हणजे दुसऱ्या देशात.

काठमांडूहून ट्रक डोंगर उतरून सीमेवरच्या बीरगंजला येतो. तिथे ड्रायपोर्ट आहे, म्हणजे पाण्याविना बंदर. तिथून कोलकाता रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर. म्हणजे मी मुंबई-उरणची तुलना काठमांडू-कोलकात्याशी केली होती!

मग बरोबरीची तुलना कुठली?

नागपूरची. नागपूर ते न्हावा शेवा आठशे-साडेआठशे किलोमीटर, म्हणजे अंतर काठमांडूच्या जवळपास जाणारं. पण नागपूरला कस्टमचं काम तिथल्या कंटेनर डेपोतच उरकता येतं. सील लागलं की डबा थेट बंदरावर.

नेपाळच्या डब्याला मधे सीमा लागते. आधी नेपाळचं कस्टम, मग भारतातून जायचे ट्रान्झिटचे वेगळे कागद, सीलची तपासणी, मग कोलकात्याला पुन्हा कागद. प्रत्येक ठिकाणी एजंट आणि त्याची फी. शिवाय कंटेनर असतो शिपिंग कंपनीचा. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त अडकला की दिवसागणिक डिटेन्शन चार्ज. कागदातली एक चूक म्हणजे मीटर चालू.

पर्याय नाही का?

समुद्र नसलेल्या देशांना शेजाऱ्याच्या भूमीतून समुद्रापर्यंत जायचा हक्क १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने दिलाय. पण नियम, रस्ता, वेळ हे दोन देशांनी बसून ठरवायचं. पुढे विशाखापट्टणम बंदरही नेपाळसाठी खुलं झालं, पण ते बीरगंजपासून सुमारे १,४०० किलोमीटरवर. २०१६ मध्ये चीनशीही करार झाला, पण तिकडचं तियानजिन बंदर ३,००० किलोमीटरच्या पलीकडे.

नेपाळने हा करार का केला? कारण सप्टेंबर २०१५ पासून काही महिने भारताच्या सीमेवरून माल जाणं जवळपास थांबलं होतं. गॅस आणि औषधांची टंचाई झाली. नागपूरच्या व्यापाऱ्याला अशी भीती कधी वाटत नाही.

याने फरक काय पडतो?

साधा हिशोब. २०,००० डॉलरच्या मालावर १,२०० म्हणजे ६ टक्के. २,३०० म्हणजे साडेअकरा टक्के. तुमचा नफा १० टक्के असेल, तर मुंबईतून धंदा होतो आणि काठमांडूतून तोटा. माल तोच, मेहनत तीच. म्हणून पश्मिना शालीसारखा हलका आणि महाग माल विमानाचं भाडंही सोसतो. जड आणि स्वस्त वस्तू परदेशात विकायचा विचार करणाराच अडकतो.

कारभार कुठेच परिपूर्ण नसतो, नेपाळमध्येही नाही. पण २,३०० पैकी किती कारभाराचे, किती डोंगराचे आणि किती सीमेचे, हे तो आकडा सांगतच नाही. हे सगळं मी एका शब्दात 'ढिसाळ' करून टाकलं. तो शब्द मागे घेतेय.

जाता जाता: जागतिक बँकेने कंटेनरची ही पद्धत नंतर बदलली, आणि आकडेवारीतल्या गडबडी उघड झाल्यावर २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. पण जुने तक्ते अजूनही फॉरवर्ड होतात. तुमच्या ग्रुपवर आला तर आधी विचारा: कुठून, कुठपर्यंत, आणि काय काय धरून?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. चूक सापडली तर कळवा, चहा माझ्याकडून!