काटोलच्या दगडातील काळी रेघ

वाशिम जिल्ह्यातील धनज ज्या काळ्या बेसाल्टावर वसले आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा असून, पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्यामधील प्रावरण नावाचा जाड थर अंशतः वितळल्याने तो वर आला. मात्र ६६० किलोमीटर खोलीपासून सुरू होणाऱ्या खालच्या प्रावरणातील मुख्य खनिज, ब्रिजमनाइट, दाब सुटताच रूप पालटते आणि म्हणून प्रावरणातून पृष्ठभागापर्यंत तसेच पोहोचत नाही; ते पाहायचे तर अशनींकडे, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांकडे, वळावे लागते. धनजच्या नैऋत्येस लोणारचे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर आहे, पण पर्यटकांची रीघ लागणाऱ्या त्या विवरात आघात करणारा दगड काही सापडत नाही. असे दगड पडले ते ईशान्येस, संत्र्यांच्या काटोलला, २२ मे २०१२ रोजी.

वर्तमानपत्रांचे लक्ष आकाशातील प्रकाशाकडे आणि आवाजाकडे गेले, हे स्वाभाविकच. खरे काम त्यानंतर, गाजावाजाविना झाले. दगड कापून, काचेवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईपर्यंत घासला जातो. या छेदात नजर पुन्हापुन्हा जाते ती एका बारीक काळ्या रेघेकडे: अवकाशातील टकरीच्या धक्क्याने तेवढाच भाग वितळून लगेच गोठला, ती ही आघातशीर. ब्रिजमनाइट शोधायचे ते याच रेघेत; पण सूक्ष्मदर्शकातील इलेक्ट्रॉनांचा झोत जरा अधिक वेळ रोखला तर ब्रिजमनाइटाची स्फटिकरचना मोडते, त्यामुळे जे शोधायचे तेच पाहताना नष्ट होण्याची धास्ती कायम राहते, आणि या कामातील संयमाला मिळते त्याहून अधिक दाद मिळायला हवी.

खरगपूरच्या आयआयटीतील सुजॉय घोष आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या शिरांमधील ब्रिजमनाइटाची नोंद केली. ते २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे जवळजवळ त्याच ६६० किलोमीटर खोलीच्या दाबाखाली, वितळलेल्या द्रवातून थेट स्फटिकले असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यातील एकूण लोहापैकी सुमारे ६९ टक्के लोह अधिक ऑक्सिडीभूत, तीन धनभारांच्या अवस्थेत आढळले, तर शेजारच्या मेजोराइट या खनिजात हे प्रमाण सुमारे ३७ टक्केच निघाले. प्रयोगशाळांतील कृत्रिम नमुन्यांनी सुचविलेला हा फरक नैसर्गिक दगडातही दिसला. घडणीच्या काळात पृथ्वी वितळलेल्या खडकाच्या महासागराने व्यापलेली होती असे मानले जाते, आणि तो थिजताना खोलवर काय घडले असेल याचा नमुना म्हणून ही रेघ मोलाची ठरते. तथापि टकरीतील द्रव क्षणार्धात गोठतो, तर तो महासागर कितीतरी सावकाश निवला असणार, तेव्हा रासायनिक जुळणी मान्य करतानाच काळाच्या बाबतीत हे साम्य फार ताणू नये.