मातीवाचून भाजी

वनस्पतीला माती हवीच, हा समज फार जुना आहे. वस्तुतः मुळांना पाणी, त्यात विरघळलेले नत्र, स्फुरद, पालाश इत्यादींचे क्षार आणि प्राणवायू लागतो. जर्मनीत झाक्स व क्नोप यांनी १८६० च्या सुमारास क्षारयुक्त पाण्यात रोपे वाढवून हे सिद्ध केले. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिंपाँग भागात या पद्धतीचे प्रयोग आरंभिले.

घरात भाजी पिकविणारे स्वयंचलित यंत्र याच तत्त्वावर चालते. खाली विद्रावाची टाकी, वर छिद्रांत बसविलेली रोपे, त्यांवर एलईडी दिवे. दिवे ठराविक तास आपोआप लागतात व मालवतात. लहानसा पंप विद्राव खेळता ठेवतो. पंपाचे काम केवळ पाणी पुरविण्याचे, असे वाचकास वाटेल. परंतु तो पाण्यात हवाही मिसळीत असतो. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू मुळे लवकरच संपवितात, आणि पाणी तापले की मुळातच तो कमी विरघळतो. मग मुळे गुदमरून तपकिरी व बुळबुळीत होतात, आणि भोवती पाणी असूनही पाने सुकतात! म्हणून जेथे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे विद्रावाची पातळी थोडी खाली ठेवावी. मुळांचा वरचा भाग दमट हवेत राहिला म्हणजे त्यांचा श्वास चालू राहतो.

तुळस, पुदिना, लेट्यूस यांना हे यंत्र मानवते. मेथीसाठी मात्र एवढा खटाटोप कशाला? खिडकीतले ऊन फुकट आहे. जेथे अंगणच नाही तेथील गोष्ट निराळी : आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी एलईडी दिव्यांखाली वाढलेला तांबडा लेट्यूस खाल्ला.