सरकारचा शब्द आणि सरकारचा हिशेब

हवेत सोडल्या जाणाऱ्या तापकारक वायूंचे प्रमाण अमुक सालापर्यंत अमुक इतके कमी करू, असा शब्द एखाद्या सरकारने साऱ्या जगासमोर दिला आणि तो पाळला नाही, तर त्या सरकारला जाब विचारणार कोण? कोणत्या कचेरीत, कोणत्या कलमाखाली? आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. विषय शास्त्रज्ञांचा आहे, त्यात युनियनवाल्यांचे काय काम, असे आम्हांला विचारण्यात आले. आमचे उत्तर असे की, दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द यांतले अंतर मोजण्यातच आमचे आयुष्य गेले आहे.

शास्त्र थोडक्यात सांगतो. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो वर जाऊन पृथ्वीची उष्णता अडवतो आणि शेकडो वर्षे हवेत राहतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते; म्हणून पाऊस पडला तर कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे हजार उतारूंसह अडकून पडली. कोणत्याही एका पुराचे खापर सरसकट हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु असे दिवस वाढणार, हे आता वादाचे उरलेले नाही. आणि ऊन? माजिवड्याच्या चौकात नाशिकचा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता मिळतात. तेथे पुलाखाली कामाची वाट पाहत उभ्या असणाऱ्या नाका कामगाराला ते समजावून सांगण्याची गरज नाही. त्याला उन्हाची रजा नाही; काम बंद तर मजुरी बंद.

आता सरकारच्या शब्दाकडे वळू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले की, भारत २०७० सालापर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणील. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांना लेखी कळवले की, २००५ च्या मानाने २०३० पर्यंत उत्सर्जनाची ‘तीव्रता’ ४५ टक्क्यांनी घटेल आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलावाचूनची असेल.

येथे शब्द नीट वाचावे लागतात. करारातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की बोनस कसा नाहीसा होतो, हे आपण जाणतो. ‘तीव्रता’ म्हणजे एकूण धूर नव्हे. दर रुपयाच्या उत्पन्नामागे निघणारा धूर. गिरणीत दर मीटर कापडामागे कोळसा कमी लागला, पण कापड तिप्पट विणले, तर तीव्रता घटली आणि धूर वाढला. तसेच क्षमतेचे. २०२५ च्या मध्यास निम्म्या क्षमतेचा टप्पा पाच वर्षे आधीच गाठला गेला, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सूर्य रात्री पाळी करीत नाही; त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा कोळशाचाच राहिला. मोजमाप कोणत्या मापाने करायचे, हे ज्याच्यावर बंधन आहे त्यानेच ठरवायचे आणि हिशेबही त्यानेच तपासायचा, ही रीत कोणत्याही कारखान्यात आम्ही मान्य केली नसती.

शब्दाचा कायदा कसा होतो, हे मुंबई-ठाण्याला नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले. १८८१ चा फॅक्टरी ॲक्ट सात वर्षांच्या पोरालाही कामावर ठेवू देत होता आणि मोठ्यांच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती. लोखंड्यांनी १८८४ साली सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली आणि १८९१ च्या दुरुस्तीने आठवड्याची सुटी कायद्यात आली. मालकाने कबूल केलेली सुटी मालक परत घेऊ शकत होता. कायद्यातली सुटी तशी घेता येत नव्हती.

पण तो कायदा मालकावर होता. सरकारने स्वतःलाच बांधून घ्यावे, याचे उदाहरण पाहण्यास विलायतेला जाण्याची गरज नाही. वि. स. पागे यांच्या खटपटीतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात योजना म्हणून चालू झाली. योजना म्हणजे सरकारची मर्जी. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे सरकारने आपल्याच हाताने लिहून दिले. पैसाही ठरवून दिला: शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई आणि सरकार त्यात आपली भर घाली. ठाण्याच्या कामगाराच्या पगारचिठ्ठीतून बीडच्या बाईच्या हाताला काम मिळाले. भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्यांच्या पदरात पडला, हेही सांगितले पाहिजे. तरी मागणारा याचक न राहता हक्कदार झाला.

हवेच्या बाबतीत असा कायदा ब्रिटनने २००८ साली केला. २०५० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या मानाने ८० टक्क्यांनी घटवण्याची कायदेशीर जबाबदारी त्याने मंत्र्यावर टाकली. २०१९ साली हे उद्दिष्ट निव्वळ शून्यापर्यंत नेण्यात आले. आम्हांला त्यातले मोठे आकडे तितकेसे भावत नाहीत. पन्नास वर्षांनंतरचे वचन देणारा मनुष्य वसुलीच्या वेळी हयात नसतो. मोलाची आहे ती मधली बांधणी. दर पाच वर्षांचे ‘कार्बन बजेट’ बारा वर्षे आधी पार्लमेंटसमोर ठेवावे लागते. एक स्वतंत्र समिती दरवर्षी अहवाल देते आणि सरकारला त्या अहवालाचे उत्तर द्यावेच लागते. म्हणजे हजेरीपट आहे, तपासनीस आहे आणि नोटीस बोर्डही आहे.

या बांधणीचा उपयोग जुलै २०२२ मध्ये दिसला. काही संस्था सरकारविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात गेल्या. सरकारने मांडलेल्या योजनेतील आकडे जमेस धरले, तर २०३३ ते २०३७ या काळासाठी हवी असलेली घट ९५ टक्केच भरत होती, आणि ही तूट पार्लमेंटला सांगितली नव्हती. न्यायालयाने योजना कायद्याला धरून नाही असे ठरवले. त्याच आठवड्यात इंग्लंडात पारा प्रथमच ४० अंशांवर गेला होता, हा केवळ योगायोग. सुधारलेली योजनाही मे २०२४ मध्ये न्यायालयात टिकली नाही. अर्थात कायदा म्हणजे शिलालेख नव्हे; आम्ही सत्तेवर आलो तर तो रद्दच करू, असे तेथील विरोधी हुजूर पक्षाने २०२५ साली जाहीर केले. पण त्यासाठीही भर सभागृहात मते मोजावी लागतात.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेत १९७६ पासून अनुच्छेद ४८अ आहे: राज्याने पर्यावरणाचे रक्षण करावे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात बजावून घेता येत नाही. २०१७ साली उत्तराखंडातील नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडे हिने सरकार पुरेसे करीत नाही म्हणून हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१९ साली ती फेटाळली गेली. मग २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा अनुच्छेद १४ आणि २१ खालचा हक्क आहे. या विषयाला वाहिलेला एकछत्री कायदा देशात नाही, अशी नोंदही न्यायालयाने केली. म्हणजे हक्क सापडला. तो कोणत्या खिडकीवर मागायचा ते मात्र ठरलेले नाही.

गंमत पाहा. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद वगैरे कारखान्यांना उत्सर्जन-तीव्रतेची मर्यादा घालून देण्यात आली; ती मोडली तर भरपाई आहे. कारखानदार बांधला गेला, आणि ज्याने जगाला शब्द दिला ते सरकार मोकळे राहिले.

कोणी म्हणेल, धूर सोडला इंग्रज-अमेरिकनांनी, आणि बेड्या आम्ही का घालून घ्याव्या? आक्षेप खरा आहे. आपले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि श्रीमंत देशांइतका बोजा आपण उचलावा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु किती बोजा उचलायचा हे ठरवणे निराळे आणि ठरवलेल्याचा हिशेब देणे निराळे. आकडा आपला आपणच न्यायाने ठरवावा. हिशेब मात्र संसदेत, दरवर्षी, तपासनिसाच्या सहीने यावा. असा कायदा करण्यास अधिकाराची अडचण नाही. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याची मुभा अनुच्छेद २५३ संसदेला देतो.

एक कलम मात्र त्यात आमच्यासाठी हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उठले आणि कामगार कोठे गेला याची वही कोणीच ठेवली नाही. कोळशाचे तसे होऊ नये. ब्रिटनने कोळशाची वीज बंद करणार हे २०१५ सालीच जाहीर केले आणि शेवटचे केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. जवळजवळ नऊ वर्षांची नोटीस मिळाली. आपल्या चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे. उद्या त्याचा एखादा संच बंद करण्याची तारीख ठरली, तर कायम कामगाराला काहीतरी मिळेल. पण राख उचलणारा, पट्ट्यावरचा कोळसा झाडणारा कंत्राटी मजूर कंत्राटदाराच्या वहीत असतो, आणि ती वही कंत्राटाबरोबर बदलते. म्हणून ज्या दिवशी तारीख जाहीर होईल त्याच दिवशी फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव सरकारी पटावर चढले पाहिजे, आणि वार्षिक अहवालात टनांच्या रकान्याशेजारीच माणसांचा रकाना आला पाहिजे.