पाठदुखीआड लपलेली गाठ

पाठ दुखली की आपण तेल चोळतो, शेक घेतो. बहुतेकांना आरामही पडतो. पण पाठदुखीबरोबर पाय लटपटू लागले, कमरेखाली बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

मणक्यांच्या पोकळीत क्वचित गाठ वाढते. जागा मुळातच अरुंद. त्यामुळे करंगळीएवढा जाड मज्जारज्जू दाबला जातो आणि पाय लुळे पडतात, कधी हळूहळू, तर कधी काही तासांतच.

मात्र अशी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. १८८७ साली, क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता तेव्हा, लंडनच्या डॉ. विल्यम गॉवर्स यांनी लक्षणांवरून अशा गाठीचे निदान केले आणि सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी ती काढली. गाठ होती बदामाएवढी! पाय लुळे पडलेला तो रुग्ण पुन्हा चालू लागला.

आज एम.आर.आय.मध्ये गाठ स्पष्ट दिसते. पाय पूर्ण लुळे पडण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर बरे होण्याची आशा अधिक. मेनिंजिओमा ही बहुधा साधी असणारी गाठ उतारवयातील स्त्रियांत जास्त आढळते. तेव्हा आई किंवा सासूबाई चालताना अडखळू लागल्या, तर ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका.