पाणी पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा?

चंदीगडच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा प्रवास दूरचा आहे. पंजाबातील कजौली येथे भाक्रा कालव्यातून उपसलेले पाणी जलवाहिन्यांतून सेक्टर 39 मधील जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि तेथून शहरभर पोहोचते. गढूळपणा व रोगजंतू दूर करणे हे अशा केंद्राचे नित्याचे काम. परंतु कारखान्यातील किंवा टँकरमधील घातक रसायन उगमातच मिसळले, तर तुरटी आणि क्लोरीन अपुरे पडतात. उपसा थांबवावा लागतो, टाक्या व वाहिन्या धुवाव्या लागतात, पर्यायी पाणी पुरवावे लागते. हा खर्च कोणी सोसावा?

जो प्रदूषण करील त्याने, असे न्यायालयांचे उत्तर आहे. वाहत्या पाण्यातील दोष काही काळाने ओसरतो; भूजलातील दोष मात्र वर्षानुवर्षे मुरतो. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावात ‘एच ॲसिड’ तयार करणाऱ्या कारखान्यांचा विषारी गाळ उघड्यावर पडून राहिला, जमिनीत झिरपला आणि विहिरी निरुपयोगी झाल्या. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तेथे पाहणी केली. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये उपाययोजनेचा खर्च कारखान्यांवर टाकला. 37.385 कोटी रुपयांची ती रक्कम भरण्यास टाळाटाळ होत राहिली. अखेर 2011 मध्ये न्यायालयाने तीवर 1997 पासून 12 टक्के दराने चक्रवाढ व्याज आकारले. एवढ्या काळात मूळ रक्कम चौपटीहून अधिक होते, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

“आमचा विमा आहे” असे अनेक उद्योजक अशा वेळी निश्चिंतपणे म्हणतात. पण कोणता? आगीचा विमा स्वतःच्या मालमत्तेपुरता असतो आणि प्रदूषणाने झालेली हानी त्यातून सामान्यतः वगळलेली असते. भोपाळच्या 1984 मधील दुर्घटनेनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने, ठरावीक प्रमाणाहून अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता पीडितांना तातडीचे साह्य मिळावे, हा त्याचा मूळ हेतू. मृत्यूसाठी मूळ कायद्यात 25,000 रुपयांची तरतूद होती. विहिरी पूर्ववत करण्याचा कोट्यवधींचा खर्च त्या विम्यातून भागेल, अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे.

त्यासाठी प्रदूषण दायित्वाचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. तो घेताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. अचानक झालेल्या अपघाताप्रमाणे हळूहळू होणारी गळती त्यात येते काय? सफाईचा खर्च येतो, की केवळ तिऱ्हाइताची भरपाई? विमा घेण्यापूर्वीचे जुने प्रदूषण वगळले आहे काय? दावा कोणत्या मुदतीत कळवावयाचा?

हा प्रश्न केवळ उद्योजकाचा नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात जानेवारी 2014 मध्ये एका कंपनीच्या टाकीतून रसायन एल्क नदीत गळले आणि सुमारे तीन लाख लोकांचे पिण्याचे पाणी बंद झाले. आठच दिवसांत त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जेथे प्रदूषकच बुडतो, तेथे भार अखेर नागरिकांवर येतो. दूषित जमीन तारण असेल, तर कर्ज देणारी बँकही त्यातून सुटत नाही. म्हणून कर्जप्रस्तावासोबत विम्याची पॉलिसी पाहताना विमा रकमेबरोबरच वगळलेल्या बाबींचे पानही वाचले जावे. पाण्याची सुरक्षितता पुष्कळदा त्याच पानावर ठरते.