गोल्फच्या चेंडूची पारख

आमच्या घरात गोल्फचा शिरकाव झाला तो आमच्या थोरल्या बंधूंच्या सेवानिवृत्तीनंतर. वहिनी निवर्तल्यापासून सकाळचे ते दोन-तीन तास हाच काय तो आप्पांचा विरंगुळा. परंतु गेल्या वर्षी ते हिरमुसले होऊन परतू लागले. एकेका फेरीत तीन-तीन चेंडू हरवत. सोबतीचे स्नेही गवतात वाकून शोधीत आणि आप्पांना संकोच वाटे. ‘आता पुरे झाले,’ असे एकदा जेवताना ते बोलून गेले, तेव्हा घरातील तरुण मंडळींनी हा प्रश्न हाती घेतला. दोष डोळ्यांचा किती व चेंडूचा किती, हे एकदा पाहावयाचे ठरले.

चेंडूत पारख ती कसली, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या खेळाच्या माहेरी, स्कॉटलंडात, काय घडले ते ऐकावे. तेथे पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू शिवीत. इ. स. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाचा चेंडू आला. तो गुळगुळीत असे व नवा असताना हवेत भरकटे. मात्र वापरून ओरखडे पडले की तोच नीट व लांब जाई! मग कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवर तीनशे ते पाचशे खळ्या असतात, त्यांचे मूळ हे. खळ्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा थर घुसळला जातो, चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो व मागे खेचणारी ओढ कमी होते. खळ्या नसत्या तर तोच फटका निम्म्या वाटेवर संपता. चेंडू उलटा फिरत गेला की हवा त्याला उचलून धरते, हे एडिंबरोचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० नंतरच्या दशकात गणिताने मांडले. त्यांचे चिरंजीव फ्रेडी १८९६ व १८९८ साली ब्रिटनच्या हौशी खेळाडूंत अजिंक्य ठरले होते. तेव्हा प्रयोगासाठी प्राध्यापकांना घराबाहेर जावयास नको!

चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावे व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा, असा दंडक आहे. त्याच्या वेगावर व पल्ल्यावरही नियमांची मर्यादा आहे. म्हणून ‘सर्वांत दूर जाणारा’ ही डब्यावरची ग्वाही फारशी मनावर घेऊ नये, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही दोन प्रकार घेतले. एक, रबरी गाभ्यावर कठीण कवच असलेला. हा कमी फिरतो, सरळ जातो, टिकतो व स्वस्तही असतो. दुसरा, अनेक थरांचा व युरेथेनच्या मऊ कवचाचा. प्रत्येकी तीन चेंडूंवर खुणा केल्या, आणि कोणता कोणता हे आप्पांना न सांगता आलटून पालटून मारावयास दिले. दिवस एक, काठी एक. पुतण्याने पावलांनी अंतर मोजले. लांबच्या फटक्यात दोन जातींमध्ये जो फरक पडला, त्याहून अधिक फरक आप्पांच्या स्वतःच्याच दोन फटक्यांत होता! पण खळगीजवळच्या हिरवळीवर तीस पावलांवरून उचललेला मऊ चेंडू टेकताच थबके, कठीण मात्र पुढे घरंगळे. यावरून आम्हांस वाटते की, चेंडूची परीक्षा खळगीपासून मागे मागे करीत यावी. आपण सगळे पहिल्याच जोरकस टोल्याला भुलतो.

एक परीक्षा स्वयंपाकघरात होण्याजोगी आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम मीठ विरघळवावे. साध्या पाण्यात बुडणारा चेंडू त्यात तरंगू लागतो. वर आलेल्या जागी टिंब काढावे व चेंडू फिरवावा. दर वेळी तेच टिंब वर येऊ लागले तर आतला भार एकीकडे आहे असे समजावे. धाकट्या नातीने या कामी घरातले मीठ इतके संपविले की आमच्या गृहिणीस शेवटी बरणी लपवावी लागली.

आता रंग. रंगीत चेंडू म्हणजे पोरखेळ, असा आप्पांचा ग्रह. मुंबईत जन्मलेले किपलिंग अमेरिकेत व्हरमाँटच्या बर्फात चेंडू लाल रंगवून खेळत, आणि १९८२ साली जेरी पेट यांनी फ्लॉरिडातील मोठी स्पर्धा नारिंगी चेंडूने जिंकली, हे सांगितल्यावर ते नरमले. मैदानावर निरनिराळ्या रंगांचे चेंडू मांडून, किती दिसतात ते दुरून मोजावयास आम्ही त्यांना सांगितले. झाडाच्या सावलीत लाल प्रथम लोपला. भर उजेडात मानवी डोळा हिरवट पिवळ्या रंगास सर्वांत अधिक जागा असतो, आणि आप्पांना तोच चेंडू सर्वांआधी सापडला. पानगळीच्या दिवसांत मात्र तो वाळक्या पानांत दडतो. २०१९ पासून शोधावयास पाचाऐवजी तीनच मिनिटे मिळतात, हेही लक्षात ठेवावे.

परंतु पांढरा चेंडू त्यांना जवळूनही अंधुक दिसतो, हे त्या दिवशी आमच्या प्रथमच ध्यानात आले. नेत्रवैद्यांनी मोतीबिंदू असल्याचे सांगितले व एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आता आप्पांना पांढराही नीट दिसतो. तरी खिशात दोन पिवळे असतातच. उरलेला पांढऱ्यांचा डबा धाकट्या नातीने मिठाच्या पाण्यासाठी नेला आहे.