जोडी मोडू नका
कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपेची दोन औषधे त्याच १० रुग्णांना वेगवेगळ्या रात्री दिली होती. दुसऱ्या औषधाने सरासरी १.५८ तास जास्त झोप लागली. हा निव्वळ योगायोग असेल का?

प्रत्येक रुग्णाचा फरक काढून आपण ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्यात असावा असा पल्ला, मांडला तर तो ०.७० ते २.४६ तास येतो. त्यात शून्य नाही. म्हणून ‘दोन्ही औषधे सारखीच’ ही परिकल्पना आपण नाकारतो.

आता जोड्या मोडून, हे २० वेगळे रुग्ण समजू. पल्ला उणे ०.२० ते ३.३६ होतो. शून्य आत आले! माणसामाणसांतला जो फरक वजाबाकीत गळून पडला होता, तो परत मिसळला.

म्हणून शिकवण्याआधीच्या व नंतरच्या चाचणीचे गुण तपासताना वजाबाकी मुलागणिक करू या.